मेश्राम सरांचा दमक्रात

मेश्राम सर रागवायचे. एवढंच लिहून थांबले तरी मस्कतजवळच्या रुसैलमधल्या आमच्या वर्कशॉपमधली माणसं म्हणतील, पुरे झालं बाई, फोटोच काढलात. सकाळी त्यांची गाडी फाटकातून आत आली की चहावाला आधी साखरेचा डबा लपवायचा. चहात साखर लागली की राग, पाना जागेवर नसला की राग, हातमोजे न घालता कोणी ग्रीसला हात लावला की राग, आणि कोणी 'चलता है' म्हटलं तर मग विचारायलाच नको. "कुठं चालला तो? मलाही दाखव," असं म्हणून ते त्या माणसाला हाताला धरून अख्ख्या शेडमधून फिरवून आणायचे.

मला त्यांच्या रागाचा राग कधी आला नाही. मला राग आला तो ते रागवायचे थांबले तेव्हा. ज्या माणसामुळे ते थांबले त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, त्यामुळे हे लिहिताना सूर चढला तर चढू दे.

आमच्याकडे ट्रेलर, क्रेन, टँकर असली अवजड वाहनं दुरुस्तीला येतात. मी परचेसमध्ये, म्हणजे सीलपासून टायरपर्यंत जे लागेल ते मागवणारी. मेश्राम सर वर्कशॉपचे प्रमुख. मूळ चंद्रपूरकडचे. शिष्यवृत्ती मिळवून त्या वेळच्या सोव्हिएत रशियात मेकॅनिकल शिकलेले. मी नवीन असताना त्यांच्याकडून मागणी आली: 'दमक्रात, वीस टनी, दोन नग.' मी मत्रह बाजारातल्या आमच्या नेहमीच्या कच्छी व्यापाऱ्याला फोन लावला. पिढ्यान् पिढ्या मस्कतमध्ये दुकान असलेला माणूस, त्याला ठाऊक नाही अशी वस्तू नाही. तो म्हणाला, "बेन, ये तो दवाई लगती है. फार्मसी में पूछो." दुसऱ्याने विचारलं, खायचं की लावायचं. मग मी तणतणत शेडमध्ये गेले आणि विचारलं, हे आहे तरी काय?

सरांनी शांतपणे समोरच्या जॅककडे बोट दाखवलं.

"मग जॅक लिहा ना!" मी ओरडले.

त्यांना माझं ओरडणं फार आवडलेलं दिसलं. "ताई, जॅक हे काय नाव झालं? इंग्रजांकडं रस्त्यातल्या कुणाही पोऱ्याला मारतात ती हाक आहे ती. वीस टन उचलतो तो. त्याला नाव तरी धड द्या."

मग त्यांनी मला तो शब्द सांगितला. माझ्याआधी शेडमधल्या प्रत्येकाला सांगून झाला होता आणि माझ्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितला जाणार होता. रशियनमध्ये जॅकला दमक्रात म्हणतात. लिहिताना 'दोम' लिहितात, बोलताना 'दम' म्हणतात. आणि दोम म्हणजे घर. रशियात गेल्यावर पहिल्याच धड्यात शिकलेला शब्द. पुढे कार्यशाळेत मास्तरांनी फळ्यावर 'दोमक्रात' लिहिलं आणि जॅकवर हात ठेवला, तेव्हा सरांना वाटलं, अरे, हे तर आपल्याला कळलं! घर उचलणारा. परक्या मुलखात, कडाक्याच्या थंडीत, कुणी न सांगता आपला आपण उलगडलेला तो पहिला शब्द. बाकीचं रशियन त्यांनी घोकून घोकून घशाखाली उतरवलं, हा एक शब्द मात्र आपणहून आला, असं ते म्हणायचे.

त्यामुळे आमच्या शेडमध्ये जॅक नव्हताच. मलबारी, पंजाबी, बंगाली, सगळे दमक्रात म्हणायचे. आमचा ओमानी फोरमन सालिम तर असा म्हणायचा की तो अरबीच शब्द वाटावा. "यल्ला, दमक्रात!" नवीन माणसाला सर दोनच गोष्टी शिकवायचे. एक हा शब्द आणि दुसरी घोडी. घोडी म्हणजे लोखंडी तिवई. दमक्रातने गाडी उचलायची, लगेच खाली घोड्या सरकवायच्या, गाडी घोड्यांवर टेकवायची आणि मगच माणसाने खाली शिरायचं. नुसत्या दमक्रातच्या भरवशावर कोणी नखसुद्धा आत घातलं तर सरांचा आवाज बाहेरच्या हायवेपर्यंत जायचा. दमक्रात कितीही आवडता असला तरी या बाबतीत ते त्याला कवडीची किंमत देत नव्हते. त्यांचं म्हणणं, घर उचलणं हे त्याचं काम, घर सांभाळणं त्याच्या बापालाही जमणार नाही.

आता परांजपे. आमचे जनरल मॅनेजर, पुण्याचे. हुशार माणूस, त्यात वाद नाही. गोड बोलायचे. मेश्राम सरांची पहिली ओळख झाली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मेश्राम म्हणजे नागपूरकडचे? अच्छा. रशियाला स्कॉलरशिपवर? अच्छा, अच्छा." त्या शेवटच्या 'अच्छा'त काय असतं ते परांजप्यांच्या आणि माझ्या जातीतल्या लोकांना बरोबर कळतं, कारण तो आमच्याच घरांत तयार होतो. मी लहानपणापासून ऐकत आलेय. सरांनाही तो कळला. कॉन्फरन्स रूममधून बाहेर येताना त्यांनी दार असं लावलं की भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं.

खंडेनवमीला अवजारांची पूजा करायची पद्धत परांजप्यांनीच सुरू केली. मत्रहहून झेंडूच्या माळा, टेबलावर पांढरी चादर, वर पाने, मल्टिमीटर, ड्रिल मशीन आणि मधोमध मोठा दमक्रात. फोटोत भारदस्त दिसावा म्हणून परांजप्यांनी त्याचा चकचकीत दांडा पूर्ण वर काढायला लावला आणि ओल्या हाताने त्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली. पाचही बोटं, वरपासून खालपर्यंत, आणि त्यावर अक्षता. सर त्या दिवशी साइटवर गेलेले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो दांडा तसाच खाली दाबला. कुंकू, हळद, तांदळाची कणी, सगळं आत.

पुढल्या आठवड्यात एका ट्रेलरखाली तो दमक्रात हळूहळू बसायला लागला. ट्रेलर घोड्यांवर होता म्हणून कोणाला काही झालं नाही. सरांनी दमक्रात खोलला आणि आतलं सील माझ्या टेबलावर आणून आपटलं. काळं रबर गुलाबी झालेलं आणि त्यावर चरे.

"घ्या, प्रसाद," ते म्हणाले. "नवीन मागवा. आणि कारण काय लिहिता तेही बघू द्या मला."

मी कारणाच्या रकान्यात 'कुंकू' असं लिहिलं. परांजपे मला बोलवून म्हणाले, "सुलभा, मेश्रामांना आपल्या पूजेचं वावडं आहे, ते समजू शकतो. तू कशाला त्यांच्या नादी लागतेस?"

सर नेमके मागे उभे होते. "वावडं मला नाही हो, सीलला आहे," ते म्हणाले. "देवाला पचतं ते देवाला लावा. मशीनला लावाल तर ते माणूस मारेल, आणि मग हार त्याच्या फोटोला घालावा लागेल." हे त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की बाहेर सालिमने काम थांबवलं. पुढच्या वर्षीपासून पूजा झाली, पण स्क्रू ड्रायव्हरची.

आम्ही अल् घुब्राला एकाच इमारतीत राहायचो. मेश्राम दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. त्यांच्या पत्नी वनितावहिनी शुक्रवारी कधी पाटोडी, कधी वांग्याची भाजी पाठवायच्या आणि मी डबा परत द्यायला गेले की बसवून घ्यायच्या. त्या बैठकीतच मला घराची गोष्ट कळली.

सरांचं गावातलं घर नाल्याच्या अंगाला, उताराच्या शेवटी. लाकडी खांब, तट्ट्याच्या भिंती. दरवर्षी पाणी घरात यायचं आणि आई चुलीचे दगड उचलून खाटेवर ठेवायची. रशियातून सरांनी पत्रात लिहिलं की इथे एक मशीन आहे, त्याचं नावच 'घर उचलणारा' आहे. शेजारच्या पोराकडून आईने पत्र वाचून घेतलं आणि उत्तर लिहवून पाठवलं, "येताना एक घेऊन ये." एवढंच उत्तर. सर शिकून आले, पहिली नोकरी धरली आणि पहिल्या सुटीत चार जॅक उसने घेऊन गावी गेले. खांबांना आडवे ओंडके बांधले, चार कोपऱ्यांना चार दमक्रात, बहिणीचे दीर हाताशी. घर कमरेइतकं वर उचललं आणि खाली दगडाचं जोतं बांधलं. गाव बघायला जमलं. वरच्या वस्तीतले दोघे जण म्हणाले, "मेश्रामाच्या पोरा, जोतं जरा जास्तच नाही झालं? आमच्या ओसरीच्या वर चाललंय की." सर म्हणाले, "मग तुम्हीपण उचला. भाड्याने देतो."

हे सांगताना साठीचा तो माणूस सोफ्याच्या काठावर येऊन बसला होता. पुढे तट्ट्याच्या जागी विटा आल्या, पत्रा गेला, स्लॅब पडला. जोतं तेच. नव्वदीची आई अजून त्याच घरात राहते आणि मस्कतला यायला ठाम नकार देते.

पण मी सांगतेय त्या वर्षी सर घरीही चिडलेलेच असायचे आणि त्याचं कारण गावचा रस्ता होता. दर काही वर्षांनी गावात सिमेंटचा नवा रस्ता व्हायचा आणि जुना न खोदता त्याच्यावरच ओतायचा. थरावर थर. सरांनी वर उचललेलं घर तिथेच राहिलं, रस्ताच वर येत गेला. आता आणखी एक थर मंजूर झाला होता. तो पडला की दार रस्त्याच्या खाली आणि पावसाळ्यात पाणी थेट आईच्या खाटेपर्यंत. सर रोज संध्याकाळी फोनवर सरपंच, इंजिनीअर, ठेकेदार, सगळ्यांशी भांडायचे. "आधी खोदा, मग ओता! अक्कल गहाण ठेवली काय?" आमच्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं. उत्तर एकच मिळायचं, जुना खोदायचं काम कागदावर नाही.

नेमक्या त्याच दिवसांत कट्ट्याचा कार्यक्रम आला. आम्हा पंधरावीस मराठी घरांचा एक कट्टा आहे. त्या खेपेला अल हैलला एकाच्या बंगल्याच्या अंगणात जमलो होतो. विषय होता 'माझा एक शब्द'. प्रत्येकाने एका शब्दाची गोष्ट सांगायची. कोणी 'वेणी' सांगितला, कोणी 'आमसूल'. मुलं कोपऱ्यात आपापसांत इंग्रजीत बोलत होती. परांजपे अध्यक्ष. मी सरांना मुद्दाम भरीला पाडलं होतं.

सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी दमक्रात सांगितला. फळा, मास्तर, दोम म्हणजे घर, आईचं पत्र, चार कोपरे, जोतं. कोपऱ्यातली मुलंसुद्धा पुढे येऊन बसली. शेवटी ते म्हणाले, "आमच्यासारख्याला कुणी उचलून वर ठेवत नाही. आपलं घर आपणच उचलावं लागतं. मला हे त्या एका शब्दाने शिकवलं." वनितावहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं.

टाळ्या थांबायच्या आत परांजप्यांनी माइक घेतला. दुसऱ्या हातात मोबाइल.

"वा मेश्राम, फारच सुंदर. फक्त एक छोटीशी दुरुस्ती. मी आत्ताच बघितलं." ते हसले. "या शब्दात घर नाहीच आहे. हा मुळात रशियन शब्दच नाही. डच आहे. दोमेक्राख्त. क्राख्त म्हणजे ताकद, आणि दोम म्हणजे," इथे त्यांनी चांगलं थांबून घेतलं, "मूर्ख. मूर्ख ताकद!"

आणि लोक हसले. सगळेच काही वाईट माणसं नाहीत. विनोद झाला म्हणून हसले, अध्यक्ष हसले म्हणून हसले. मी त्यांची तोंडं एकेक करून बघितली आणि आजही त्यातल्या काहींच्या घरी मी चहा पीत नाही.

मला वाटलं, आता फुटणार. मी वाटच बघत होते. सर म्हणाले, "अच्छा?" आणि खुर्चीवर जाऊन बसले.

सगळ्यात जास्त संताप मला याचा येतो की परांजपे बरोबर होते. सरांनी रशियातल्या एका जुन्या वर्गमित्राला फोन करून खात्री केली. शब्द खरंच डच होता, बहुधा जहाजं बांधणाऱ्यांबरोबर रशियात गेलेला. दोमचा घराशी काही संबंध नव्हता. जे खरं होतं ते घरी येऊन, चहा पिता पिता, एका माणसाला सांगता आलं असतं. परांजप्यांनी त्याचा दगड केला आणि भर अंगणात, त्या माणसाच्या आईचं घर नुकतंच सांगून झालेलं असताना, नेम धरून मारला. असल्या हुशारीचं काय करायचं ते मला कोणी सांगेल का?

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच कामाच्या दिवशी, सरांनी शेडमध्ये सगळ्यांना गोळा केलं. हिंदीत म्हणाले, "भाई लोग, मैंने तुमको इतने साल गलत सिखाया. दमक्रात मतलब घर उठानेवाला नहीं. मतलब बेअक्कल ताकत. उठाता है, मगर क्या उठाया, नीचे कौन है, उसको मालूम नहीं. इसलिए घोडी. काम पे जाओ." त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंतसुद्धा पोचला नाही.

त्यानंतर ते रागावले नाहीत. चहात साखर पडली, प्यायले. पाना जमिनीवर दिसला, उचलून जागेवर ठेवला. 'चलता है' ऐकलं आणि पुढे गेले. सालिम माझ्या टेबलाशी आला. "मदाम, सर को क्या हुआ? मरीज है? गुस्सा खलास?" वनितावहिनी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "सुलभाताई, हे ओरडतच नाहीत हो. फोनवर सरपंचालासुद्धा 'बरं' म्हणतात. मला झोप लागत नाही."

आणि ऑफिसात 'मूर्ख ताकद' हे त्यांचं नाव पडलं. कोणी पाडलं ते सांगायला नकोच.

महिन्याभरात मी पहिल्यांदा ते दृश्य बघितलं. ट्रेलर नुसत्या दमक्रातवर, घोड्या भिंतीशी, आणि खाली दोन जोड्या बूट. शेडमध्ये कोणी काही बोलत नव्हतं, कारण ओरडायचं काम एकाच माणसाचं होतं. तेव्हा मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही, पण बूट बाहेर आले. केबिनच्या काचेतून सर बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गावाहून फोन आला. रस्ता पडला, दार खाली गेलं. सर सुटी मागायला परांजप्यांकडे गेले, तेव्हा मी तिथेच फाइल घेऊन उभी होते.

"आत्ता? शटडाउनचं एवढं मोठं काम तोंडावर असताना?" परांजपे म्हणाले. "कशासाठी? पुन्हा घर उचलणार? मूर्ख ताकदीने?"

सर म्हणाले, "हो." बाहेर आले आणि माझ्याच प्रिंटरवर राजीनामा छापला. त्यांच्या वयाला पुन्हा नोकरी मिळणार नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. जायच्या दिवशी इमारतीखाली टॅक्सीत बॅगा चढवताना ड्रायव्हरने एक बॅग आडवी फेकली. मी सरांकडे पाहिलं. ते नुसते बाजूला सरकले. मला वाटलं, संपलं. या माणसाला यांनी संपवलं.

दोन महिने काही कळलं नाही. परवा, दुपारच्या जेवणानंतर, वहिनींचा व्हिडिओ आला. मी शेडमध्येच होते. सालिम खांद्यावरून बघायला लागला, मग बाकीचे जमले.

घर दिसलं. विटांचं, निळ्या दाराचं, आणि खाली ओळीने दमक्रात. असं काम करणारे ठेकेदार हल्ली मिळतात. रस्त्यावर गाव उभं. दार रस्त्याच्या वर आलेलं, चांगलं हातभर. आणि व्हिडिओच्या मधोमध सर, डोक्याला पंचा बांधून, कोणाच्या तरी अंगावर धावून जात होते.

"अबे, बाहेर निंग! काहून घुसला तिकडं? घोडी कुठं हाय? आधी घोडी लाव! बिनडोक असते तो दमक्रात, त्याले काय समजते वर कोण हाय अन् खाली कोण हाय!"

कॅमेरा वळला. घराच्या दारात, त्या उचललेल्या घरात, एक म्हातारी खाट टाकून बसली होती. सगळ्यांनी सांगूनही बाहेर यायला तयार नसलेली. हातात कपबशी.

"बोंबलू नको रे बाप्पा," ती म्हणाली. "घर हालते."

शेडमध्ये बाकी कोणाला मराठी कळत नव्हतं, पण सगळे हसत होते. सालिमने दोन्ही हात वर केले. "गुस्सा वापस आया! अल्हम्दुलिल्ला!"

आवाज ऐकून परांजपे केबिनमधून बाहेर आले. काय चाललंय, त्यांनी विचारलं. मी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला आणि आवाज होता तेवढा सगळा वाढवला.